गाऱ्हाणं ऐकणारा गालिचा

"गालिच्याने कैद्याचं गाऱ्हाणं ऐकून घेतलं आणि त्याला सोडून दिलं."

हे वाक्य मी तिसऱ्यांदा वाचलं. दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाचं ओपनिंग होतं आणि लेबलं टाइप करायचं काम माझ्याकडे होतं. लेबल म्हणजे वस्तूशेजारी लावतात ते चार ओळींचं कार्ड.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. शिकागोजवळ शॉमबर्गला मामांकडे राहून मी कॉलेज करत होतो. आईवडिलांपैकी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. शिकागोतल्या एका छोट्या पोलिश म्युझियममध्ये मी पार्ट-टाइम होतो. सोळाव्या-सतराव्या शतकात तार्तरांनी पकडून तुर्कांना विकलेले पोलिश लोक कसे सुटले, हा प्रदर्शनाचा विषय. सुटलेल्या काहींनी आठवणी लिहून ठेवल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या मिसेस हॅलिना त्यांचं इंग्रजी करून देत. त्या वाक्यासाठी बॉसने, म्हणजे बार्बराने, फर्निचरच्या दुकानातून एक लाल गालिचाही मागून आणला होता.

मी हॅलिनाबाईंना मूळ ओळ वाचायला लावली. शब्द आला 'दिवान'. पोलिशमध्ये दिवान म्हणजे गालिचा. मला मात्र दिवाणी कोर्ट आठवलं. वडील तिथे शिपाई होते. गाऱ्हाणी तिथे ऐकतात.

मामांना फोन केला.

"तुला पोलिश येतं?"

"नाही."

"मग गप्प टाइप कर. नोकरी घालवशील."

तरी मी बार्बराकडे गेलो. "सॉरी, मी चुकत असेन, सॉरी, पण गालिचा ऐकेल कसा?"

"जुनी भाषा आहे. काव्यात्मक असते," बार्बरा म्हणाली.

"आमच्या घरी दिवान जमिनीवर असतो," हॅलिनाबाई म्हणाल्या.

"आमच्याकडे तो कोर्टात असतो. सॉरी."

बार्बराने जाडजूड डिक्शनरी काढली. दुसरा अर्थ होता, तुर्की सुलतानाचं मंत्रिमंडळ. न्यायनिवाडाही तेच करत असे.

"म्हणजे चाळीस वर्षं मी मंत्रिमंडळावर व्हॅक्यूम फिरवतेय," हॅलिनाबाई म्हणाल्या.

लेबल बदललं. गालिचा परत करता येईना, कारण दुकानाचं नाव निमंत्रणात छापलं होतं. त्याच्यासाठी मी नवं लेबल टाइप केलं: 'दिवानासमोर असा गालिचा असू शकेल.' नोकरी राहिली. उलट ओपनिंगला बार्बरा प्रत्येकाला माझ्याकडे पाठवत होती, "आमचे तुर्की एक्स्पर्ट." मला तुर्की शब्द एकच येत होता.

तेव्हापासून शब्द खटकला की मी आधी डिक्शनरी बघतो. सॉरी कमी लागतात.

वडिलांना सगळं पत्रात कळवलं. त्यांनी उत्तरात एवढंच विचारलं, "दिवाणीत सुटला? किती तारखा पडल्या?"