दादाच्या खांद्याचा खुराक

आणीबाणीच्या आदल्या साली तालमीत लढत करताना माझ्या थोरल्या भावाचा उजवा खांदा निखळला. वस्तादांनी तो तिथल्या तिथं ओढून बसवला. खांदा बसला, पण हात काही वर उठेना. जत्रेच्या मैदानात कुस्ती ठरलेली, ती गेली. बघता बघता खांद्यावरचा मांसाचा गोळा आटला आणि हाड वर आलं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हाड जागेवर आहे, शीर दुखावली आहे. आईला शीर म्हणजे रक्ताची. रक्त तर कुठं आलं न्हाय, असं ती त्यांनाच सांगायला लागली. मग त्यांनी बिचाऱ्यांनी समजावलं, की मांसातली प्रथिनं रोज मोडतात आणि रोज नवी घडतात. शिरेतून मेंदूचा हुकूम येतो म्हणून मेळ बसतो. हुकूम थांबला की घडणं कमी, मोडणंच जास्त. शीर जुळली तर वर्षभरात हात उठेल, नाहीतर अवघड आहे. एवढ्यातून आईनं एकच शब्द उचलला. प्रथिनं कशात असतात, म्हणून विचारलं. दुधात, अंड्यात, मटणात, असं ते बोलून गेले. झालं!

कोल्हापुरात खुराकावर विश्वास नसलेला माणूस मला शोधून दाखवा. दूध, बदामाची थंडाई, मटणाचं अळणी पाणी, सगळं दादापुढं. मी पोरगी, मला चहापुरतं दूध. मी धुसफुसायची, पण ऐकतंय कोण?

वर्ष सरलं. दादाचं पोट सुटलं, गाल वर आले, डावा दंड तर पहिल्यापेक्षा भरला. उजवा खांदा तेवढा खोलच. आई रोज तिथं हात फिरवून म्हणायची, भरलाय की थोडा. भरलेला काही नव्हता. सगळ्यांना दिसत होतं, बोलायची कुणाची छाती नव्हती.

एका सकाळी आईनं थंडाईचा पेला पुढं केला. दादानं तो डाव्या हातानं घेतला आणि माझ्यापुढं धरला.

"तू पी. तुझ्या तरी अंगी लागंल."

"आणि तू रं?" आई म्हणाली.

"माझं झालं ते झालं, आई. उद्यापासनं बदाम भिजवू नगंस."

आईनं बदामाचा डबा उचलून फळीवर मागं सारला. ज्या पेल्यावर मी वर्षभर जीव टाकला, तो अख्खा माझ्या हातात होता आणि आता मला तो नकोसा झाला. दादा बघत होता, म्हणून सगळा प्यायले.