समुद्रात गेलेला बिंदू

जमीन हलली की माणसं घराबाहेर धावतात. आमचे भूकंपकाका आत धावायचे. एकदा गोडदेवच्या त्यांच्या सोसायटीत मांडणीवरची भांडी वाजली, तशी सगळी बिऱ्हाडं जिन्याने खाली आणि हा साठीचा माणूस सगळ्यांना बाजूला सारत वर! वॉचमन ओरडला, "अंकल, नीचे आओ!" काका जिन्यातूनच म्हणाले, "नीचे क्या रखा है? सब कंप्यूटर पे आ रहा है!"

एका संस्थेसाठी त्यांनी या भागात भूकंपमापकांचं दाट जाळं विणलं होतं. गोडदेवच्या शाळेत एक, घोडबंदरला खाडीकाठच्या घरात एक, उत्तनजवळ समुद्रकाठच्या चौक गावात एक, अशी वीसेक यंत्रं. मी त्यांचा मदतनीस; बॅटऱ्या, वायरी आणि नोंदी माझ्याकडे. काका सांगायचे, "एका यंत्राला फक्त कळतं, काहीतरी हललं. कुठे हललं ते शेजारीपाजारी विचारूनच ठरतं. गावातल्या भांडणासारखं!"

यंत्र बसवलं की घरातल्या माणसाला शेजारी उडी मारायला लावायची, ही त्यांची पद्धत. चौकच्या मावशींनी पदर खोचून धपकन उडी मारली आणि पडद्यावर रेघ उसळली. "बघा मावशी, तुमचा भूकंप!" मावशी म्हणाल्या, "माजा काय बगतंस? आमचा धनी पिऊन धपकन परतो, तो बग!" काका इतके हसले की ते हसणंही यंत्रात उमटलं.

घोडबंदरच्या खाडीखालीच काहीतरी सरकतंय, असं त्यांना लहान हादऱ्यांच्या रेघा पाहून वाटायचं. रेघ नेमकी कुठे उठली ते काका डोळ्यांनी टिपत आणि त्या नजरेचा त्यांना अभिमान होता. सगळ्या यंत्रांवर एकदम उमटलेला एक स्वच्छ हादरा त्यांना हवा होता.

तो आला, आणि मी तो नासवला.

हादऱ्याची लाट कुठे आधी पोहोचली यावरून त्याची जागा ठरते, म्हणून प्रत्येक यंत्राचं घड्याळ छपरावरच्या छोट्या अँटेनातून उपग्रहाशी जुळलेलं असतं. "कावले टोचतान त्याला," असं चौकच्या मावशी म्हणाल्या, म्हणून मी त्यांचा ॲल्युमिनियमचा टोप अँटेनावर पालथा घातला, वर दगड ठेवला. उपग्रह दिसेनासा झाला. घड्याळ रोज थोडं थोडं सरकत गेलं.

मग एका सकाळी हादऱ्यांची रांगच लागली. काकांनी संस्थेत फोन करून सांगितलं, "खाडी! लिहून घ्या!" गणित झालं आणि बिंदू निघाला भर समुद्रात. पश्चिमेला चौकचं यंत्र एकटंच होतं, त्याचा शब्द कोण खोडणार? संस्थेतलं कुणीतरी म्हणालं, "साहेब, आता कोळ्यांबरोबर जा." काका हसले नाहीत. मला म्हणाले, "माझी नजर गेली रे." थोड्याच दिवसांत त्यांनी काम सोडलं.

बिंदू समुद्रात निघाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी मला टोप आठवला आणि मी चौकला जाऊन तो काढला होता. घड्याळ जुळताना किती सरकलं होतं, ते यंत्राने स्वतः नोंदवलं. ती नोंद मी घरी नेली आणि वहीत लिहिलं, 'घड्याळ ठीक'. नोकरी जाईल, ही भीती. दोन वर्षं मी गप्प राहिलो.

काका जाण्याच्या दोन महिने आधी, एका दुपारी, मी ती नोंद घेऊन त्यांच्याकडे गेलो. सगळं सांगितलं. थोबाडीत बसेल असं वाटलं होतं. त्यांनी कागद ओढून घेतला.

"किती सरकलं ते आहे इथे? अरे गाढवा, मग वजा करता येतं! सगळे हादरे परत मांडता येतात! खुर्ची ओढ!"

जुन्या फाइली उघडल्या. चौकची वेळ दुरुस्त झाली, तसा पहिला हादरा समुद्र सोडून पूर्वेला सरकला. दुसराही. तिसरा थेट घोडबंदरच्या खाडीत. काका खुर्चीतून उठूनच उभे राहिले. "अगं ए, खाडीच! मी म्हणत होतो ना, खाडीच!"

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. पडद्याकडे न बघता त्या माझ्याकडे बघत होत्या.

"दोन वर्षं पेपरसुद्धा भिंग लावून वाचतायत," त्या म्हणाल्या. "डोळ्यांना काही झालेलं नाही, हे सांगून सांगून डॉक्टर थकले."

काकांनी ऐकलंच नाही. पडद्याला नाक टेकवून ते म्हणाले, "चल, पुढचा लाव."