समुद्राची डिग्री

चैत्र निम्मा सरला होता आन् सकाळी सहालाच तलवाड्याची हवा भट्टीवरनं आल्यागत अंगाला लागत होती. दूध संस्थेच्या पत्र्याखाली सेक्रेटरी धर्मराज एकेका किटलीत लॅक्टोमीटर सोडून डिग्री बघत होते. म्हाळूच्या दुधाला पंचवीस भरली; अठ्ठाविसाच्या खालचं दूध संस्था घेत नव्हती.

"माघारी न्या. पानी हाय."

"ह्या दुष्काळात पानी घावलं तर पिईन का दुधात घालीन, सेक्रेटरी?" म्हाळू म्हणाला, पण किटली उचलून मुकाट चालता झाला.

धर्मराज घरी आले तर बायको सुभद्राबाई दारातच उभ्या. "अवो, जावईबापू आडवे पडलेत."

जावईबापू म्हणजे मासा. निळाशार अंग, पिवळीधमक शेपूट. खरा जावई रत्नागिरीचा. तो दोन महिने बाहेरदेशी गेला, तेव्हा काचेची टाकी, पंप, समुद्री मिठाचं पोतं आन् हा मासा सासऱ्याच्या हवाली करून गेला. उद्या न्यायला येणार होता. घर माळकरी, पण मासा पालक खाणारा निघाला आन् सुभद्राबाईंचा जीव जडला. दारातली म्हैस वाळला कडबा चावत त्याच्याकडं बघायची.

पाणी किती खारट पाहिजे त्याचा आकडा जावयानं सांगून ठेवला होता. धर्मराजांनी तो लॅक्टोमीटरवर बसवला, पंचवीस. उन्हानं टाकीतलं पाणी उतरलं की बादलीत मीठ कालवायचं, पंचवीस करायचं आन् ओतायचं. टाकीत मात्र पुन्हा कधी डिग्री बघितली न्हाई. आज बघितली. पस्तीस. एवढी त्यांच्या हयातीत एकाही म्हशीला भरली नव्हती.

"ऊन पानी घिऊन गेलं, मीठ ठिवून गेलं," ते खाली बसले.

"कालवण आटलं की खारट होतं. मला इचारायचं न्हाई का?"

आता गोडं पाणी पाहिजे. बोअर मचूळ, टँकर परवा, घरात अर्धी कळशी. धर्मराज म्हाळूच्या दारात गेले. म्हाळूनं बाजेखालनं दोन भरलेले कॅन ओढले.

"कुठनं आणलं बे?"

"तुमी इचारू नका, मी सांगत न्हाई. कावून पायजे?"

"समुद्रात घालायला."

म्हाळू स्वतःच आला. एक तांब्या खारट काढायचा, एक गोडं काचेच्या कडेनं बारीक धारेनं सोडायचं. पृष्ठभाग हलत नव्हता. हात चांगलाच बसलेला होता. दुपार कलता डिग्री पंचविसावर आली तसे धर्मराजांनी हात जोडले. जावईबापू उभे राहिले आन् पालकाच्या पानाला झोंबले. सुभद्राबाईंनी म्हाळूला चहा दिला, कोरा.

दुसऱ्या दिवशी जावई येऊन मासा घेऊन गेला. माशाला बाळसं आलंय म्हणाला. धर्मराजांनी मान हलवली.

त्याच्या दुसऱ्या सकाळी म्हाळूची किटली रांगेत आली. धर्मराजांनी लॅक्टोमीटर धुऊन सोडला. पंचवीस.

"परवा ह्याच डिग्रीला तुमी हात जोडलते," म्हाळू हळूच म्हणाला.

धर्मराजांनी लॅक्टोमीटर झटकला, फडक्यानं पुसला.

"तवा मासा पाळला होता. माघारी न्या." आन् पुढची किटली जवळ ओढली.