कोंबडीच्या पंखांचा वाटा

वहिनीला हिवतापाने गाठले ते कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत. एरंडोलकडच्या आमच्या गावात त्या वर्षी घरोघरी कोणी ना कोणी घोंगडीखाली कुडकुडत पडलेले होते. नाना, म्हणजे माझा थोरला भाऊ, तिला दमणीत, म्हणजे हलक्या बैलगाडीत, गोधडीवर निजवून जळगावला माझ्या बिऱ्हाडी घेऊन आला. दवाखान्यात दाखवले आणि दुसऱ्या दिवशी बैल जुंपून परत गेला. शेतात कापूस फुटून खाली पडू लागला होता, त्याला थांबता येत नव्हते. माझी बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेलेली. दोन खोल्यांत आजारी वहिनी आणि शाळेतून दमून येणारा मी, एवढेच उरलो.

मी पाच वर्षांचा असताना आई गेली. पुढे मला न्हाऊमाखू घातले ते वहिनीने. आमच्या घराण्यात मराठी चौथीच्या पुढे कोणी गेले नव्हते. मी बी. ए. होऊन हायस्कुलात मास्तर झालो तो नानाच्या नांगरामुळे आणि वहिनीने पाठवलेल्या भाकरीच्या पिठामुळे. हे इथे सांगायचे कारण, मी जी चूक केली ती या उपकाराच्या ओझ्याखालीच केली.

ताप आठ दिवसांत उतरला, पण कोयनेलच्या, म्हणजे क्विनीनच्या, गोळ्या चालूच होत्या. त्या मी जेवणाआधी देई, आणि तिच्या तोंडाची चव पार गेली. भात कडू, दूध कडू, पाणीसुद्धा कडू. मी सकाळी मऊ खिचडी करून शाळेत जाई आणि संध्याकाळी ती तशीच झाकलेली सापडे. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, औषधाने ताप जातो, ताकद येत नाही. बाईंच्या पोटात अन्न गेलं पाहिजे. असंच राहिलं आणि ताप उलटला, तर मग मला सांगू नका. मांसाहार चालतो ना? कोंबडी करून घाला."

मी राहत होतो ते घर एका म्हाताऱ्या विधवेचे. तिला सगळी गल्ली अक्का म्हणे. गळ्यात तुळशीची माळ. मी भीत भीत विचारले.

"मन्ही चूलवर नही, मन्हा भांडामा नही, आनि मन्हा देखत नही," ती म्हणाली. "मांगे गोठ्याकडे तीन दगड मांड. बाई जगली पाहिजे."

आमच्या घरी कोंबडी कापली जाई ती पाहुणा आला तर किंवा सणावाराला. खाणारी नऊ माणसे आणि कोंबडी एक. तंगडी पाहुण्याला, काळीज नानाला, आणि दुसरी तंगडी मला, कारण मी शिकणारा. वहिनी सगळ्यांच्या मागून चुलीपाशी बसे. तिच्या वाट्याला पंख येत, असे तीच सांगे. पंखावर मांस ते किती असणार? बोर्डिंगात असताना मला हे आठवे आणि घास उतरत नसे. आपण मिळवते झालो की वहिनीच्या ताटात कधी पंख पडू द्यायचा नाही, असे मी ठरवून टाकले होते.

तर मी रविवारी कोंबडी आणली. विकणाऱ्याने कापून दिली, पण पिसे मलाच काढायची होती. उकळत्या पाण्यात बुडवली तर कातडी सोलून आली. पंखांची जाड पिसे काही केल्या निघेनात. मी विळीवर दोन्ही पंख छाटले आणि लांब उकिरड्यावर टाकून आलो. मनात म्हटले, बरेच झाले, ती पीडा गेली. खरे सांगायचे तर त्यात माझा निश्चय किती आणि कंटाळा किती, हे आज मला सांगता येत नाही.

मागे कापसाच्या वाळल्या पराट्यांचा जाळ केला, कांदा-खोबरे भाजले, वाटण वाटले. दाराआडून अक्काचा आवाज आला.

"मी काही देखत नही, मास्तर. पन नाक बंद करता येत नही. कांदा जळना तुमचा."

"थोडासाच, अक्का."

"थोडासा? गल्लीना टोकलगून वास चालना."

ताट वाढून मी वहिनीपुढे ठेवले. रश्शात दोन्ही तंगड्या. मला वाटले होते, तिचे डोळे भरून येतील. तिने बोटाने तुकडे बाजूला सारले, पुन्हा सारले, आणि मान वर केली.

"पंख कोठे शेतस?"

"टाकले," मी म्हणालो.

"फेकी दिन्हात? कसाले रे, भाऊ?"

"आता तुला पंख खायची गरज नाही, वहिनी. जन्मभर तेच खाल्लेस. आता तंगडी खा."

ती ताट सरकवून भिंतीकडे तोंड करून निजली. मी ताटापाशी बसून राहिलो. पाठीत कळ भरली होती, हाताला कांद्याचा वास येत होता, तपासायच्या वह्यांचा गठ्ठा कोपऱ्यात तसाच होता. मला रागही आला. एवढे केले, आणि ही दोन घास खाईना.

बऱ्याच वेळाने ती भिंतीकडे बघतच बोलू लागली. थांबत, धापा टाकत. तिने सांगितले ते असे. रस्सा चुलीवर रटरटत असे तेव्हा बाहेर पुरुष माणसे गप्पा मारत, आणि ती पंख निखाऱ्यावर धरी. कोणी विचारले तर म्हणे, पिसांचे बुडखे जाळते आहे. मीठ, लसूण, चिमूटभर काळा मसाला लावून खापराच्या तुकड्यावर ते खरपूस करी आणि तिथेच, चुलीपाशी, गरम गरम खाऊन टाकी. कातडी कुरकुरीत, आतला रस बोटांवर. पंगत बसायच्या आधी.

"मग ताटात काय पडायचं तुझ्या?" मी विचारले.

"हाडकं," ती म्हणाली. "तुमले वाटे, बिचारी मांगून जेवस. तुमना सगळासना आगोदर माझं जेवन व्हयेल राहे." आणि हसायला गेली तर तिला खोकलाच आला.

माझ्या बोर्डिंगातल्या त्या सगळ्या न उतरलेल्या घासांचे काय करावे, हे मला कळेना.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गावाबाहेर त्या कोंबडीवाल्याच्या झोपडीवर गेलो. चालताना झोप येत होती.

"कालच नेली ना, मास्तर? जावई मुक्कामाला आला का?"

"नुसते पंख मिळतील?"

"पंख तर कोंबडीसंगेच येतस, मास्तर. सुटे नही उगत."

पूर्ण कोंबडीच घेतली. परसात वहिनीची बाज भिंतीच्या उन्हात ओढली आणि ती पडल्या पडल्या सांगू लागली. पाणी उकळते नको, बोट क्षणभर टिकेल इतकेच गरम. पिसे उलट ओढू नको, जशी उगवली तशी काढ. मग पराटीच्या जाळावरून पंख फिरव, बारीक लव जळू दे. हळद-मीठ चोळून पुसून घे. सांध्यापाशी दोन चिरा. मी अर्धा तास एका पंखाशी झगडत होतो. ती मध्येच डोळे मिटून घेई, मला वाटे, निजली, तोच म्हणे, "राहिलं तिथे एक."

खापर नव्हते. दार किलकिले झाले आणि अक्काने एक तुकडा बाहेर सरकवला.

"मांडे भाजायचं खापर फुटलं व्हतं. फुटल्यावर त्याले सोवळं नही. परत नको देऊ माले."

निखाऱ्यावर खापर ठेवले. ठेचलेला लसूण, मीठ, काळा मसाला अगदी नखभर, आणि शेंगदाण्याचे तेल थेंब थेंब. पंखांची कड तांबूस झाली, चर्र चर्र आवाज होऊ लागला. मी उलटायला गेलो.

"हात लावू नको," वहिनी म्हणाली. "आवाज बसू दे."

आवाज बसला तसे उलटले. ताट आणायला उठलो तर तिने हात पुढे केला. ताट नको होते. मी पंख तिच्या तळहातावर ठेवला. तिने फुंकर मारली, टोक दातांनी तोडले, आणि चावत राहिली. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. कडू म्हणते की काय, एवढेच डोक्यात.

"मीठ कमी शे," ती म्हणाली, आणि दुसरा घास घेतला.

एक पंख संपवला. दुसऱ्यातला अर्धा खाऊन दमली, थांबली, पाणी प्यायली, आणि उरलेलाही खाल्ला. मी खिशातून कोयनेलची पुडी काढली. तिने ती माझ्या हातातून घेऊन उशाखाली ठेवली.

"उद्या भाकर करजो," ती म्हणाली. "गोळी आता भाकर खाल्ल्यावरच लेसू. आगोदर नही."