उशी पुन्हा आपल्या खोलीत

पहिले तीन महिने मला नवऱ्याच्या अंगाचा वाससुद्धा सहन होत नव्हता. पाचव्या महिन्यात मात्र तोच माणूस मला लग्नाच्या आधी आवडत होता त्याहून जास्त आवडायला लागला. अडचण एवढीच, की तोवर माझी उशी सासूबाईंच्या खोलीत गेली होती. आमच्या मनीषनगरच्या घरातला तो नियमच होता. दिवस गेल्याचं कळलं की सुनेनं सासूजवळ झोपायचं, सासऱ्यांनी हॉलमधल्या दिवाणावर आणि नवऱ्यानं एकट्यानं.

पोटुशा बाईला असं वाटतं का, हे विचारायचं कोणाला? आईला विचारलं असतं तर तिनं फोनच ठेवला असता. मला माझीच लाज वाटायची, आणि लाज वाटते याचा रागही यायचा.

एका रविवारी सासू-सासरे इतवारीच्या बाजारात भांडी घ्यायला गेले आणि दुपार आमची झाली. सोमवारी सकाळी कपड्यावर गुलाबी डाग दिसला. आपल्या हावरेपणानं बाळ जाणार, असंच मी धरून चालले. सासूबाईंना सांगितलं, बाथरूममध्ये घसरले.

त्यांनी आधी मुलाला झापलं. "पायपुसणं टाक म्हणून कवापासून सांगून राहिली मी याले." मग मला ऑटोत घालून प्रताप नगरच्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

"पोटावर पडलात?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"हो."

"मग ॲडमिट व्हा. दोन दिवस लक्ष ठेवावं लागेल."

सासूबाई लगेच डबा कोण आणेल ते ठरवायला लागल्या. आता माझं खोटं बाळाच्या उपचारात लुडबुड करणार होतं.

"मी पडले नाही," मी टेबलावरच्या काचेकडे बघत म्हणाले. "काल दुपारी आम्ही दोघं जवळ आलो होतो."

शेजारी डब्याचा हिशेब थांबला. डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, "मग तसं सांगायचं ना."

त्यांनी तपासलं, सोनोग्राफी केली. ठोके व्यवस्थित होते, बाळाची वार वरच्या बाजूला होती, पिशवीचं तोंड बंद होतं. "या दिवसांत तिथं रक्तपुरवठा वाढतो, जरा धक्का लागला की डाग जातो. डाग पूर्ण थांबेपर्यंत थांबा, मग तुम्हाला मनाई नाही. परत दिसला तर लगेच या, पण खरं कारण घेऊन. आणि इच्छा काहींची वाढते, काहींची पार जाते. दोन्हींत काही वावगं नाही."

मी तिथेच रडले. इतकं हलकं मला पाच महिन्यांत वाटलं नव्हतं. मी निघायला उठले, सासूबाई मात्र उठल्या नाहीत.

"म्हणजे बाई, त्याच्यानं पोट पडत नाही?"

"सगळं नीट असेल तर नाही. पहिल्या काही महिन्यांत जातं, ते बहुतेक वेळा गर्भच नीट घडलेला नसतो म्हणून. त्यात कोणाची चूक नसते."

परतीच्या ऑटोत मी बोलणी खायच्या तयारीनं बसले होते. त्या बाहेर बघत म्हणाल्या, "माह्यं पहिलं गेलं होतं. तिसऱ्या महिन्यात. सासू म्हणे, तुमाले दम निघाला नाही. पस्तीस वर्षं झाली वं."

मी त्यांचा हात धरला, घरापर्यंत त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

घरी आल्यावर त्यांनी माझी उशी उचलली, आमच्या खोलीत नेऊन ठेवली आणि तशाच हॉलमध्ये गेल्या. सासरे दिवाणावर पेपर वाचत बसले होते.

"अहो," त्या म्हणाल्या, "ते आपल्यानं नव्हतं गेलं."

सासऱ्यांनी पेपर खाली ठेवला. काय गेलं, हे त्यांनी विचारलं नाही.