नवोदितांचा तास
झेंडूच्या कोमेजल्या हारांचा वास आला की हुलसूरचे ते साहित्य संमेलन आठवते. नवोदितांसाठी राखलेला तास पाहुण्यांना शाली पांघरण्यातच सरला. निर्ण्याहून आलेली एक मुलगी आयुष्यातली पहिली कथा वाचायला उभी राहिली, तोच सूत्रसंचालक म्हणाले, "अक्का, बसा आता. भात थंड व्हायलाय." क्षणात मंडप रिकामा झाला. जेवणानंतर त्यांनी तिला प्रमाणपत्र घ्यायला बोलावले. "कामून? मी कुठं काय वाचलंय?" "वाचायचं राहू द्या, फोटोला या." "आधी कथा ऐका, सर." व्यासपीठावरचे साहित्यिक ढेकर देत हसले. ती निघून गेली. फोटो तिच्यावाचून निघाला आणि 'नवोदितांना भरघोस प्रोत्साहन' या मथळ्याखाली छापूनही आला. यंदा त्याच संमेलनाच्या आयोजकांनी मला अध्यक्षपद देऊ केले. मी नकार कळवला. नकाराचे कारण कुणीही विचारले नाही.