माळ्यावरची मावशी

माझी मावशी हसायला लागली की शेजारचे लोक खिडक्या उघडतात. बंद नाही करत, उघडतात. कारण काय झालं ते कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. आधी ती नाकातून हसते, मग खांद्यांनी, आणि एकदा पोट धरलं की पुढचं तिच्या हातात राहत नाही. अशा बाईला माळ्यावर बसवून 'आवाज करायचा नाही' असं बजावणाऱ्या माणसाच्या अकलेबद्दल मी काय बोलावं? पण बोलणार आहे. आज पोटभर बोलणार आहे.

मावशी शिवणकाम करते. बाजाराच्या कोपऱ्यावर कपडे शिवून देणारं एक मोठं दुकान आहे. पुढे भिंतभर काच आणि काचेजवळ एक शिलाई मशीन. त्या मशीनवर बसणाऱ्याला उजेड आणि रस्त्यावरची गंमत दोन्ही फुकट. ती जागा रिकामी झाल्याचं कळताच मावशी जाऊन धडकली. मालकांनी परीक्षा म्हणून सिगरेटने भोक पडलेला एक कोट दिला. मावशीने रफू करून परत दिला. मालकांनी कोट उलटा केला, सुलटा केला, चष्मा पुसला आणि शेवटी तिलाच विचारलं, "कुठे होतं हो ते भोक?"

"काचेजवळची मशीन तुमची," असं त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं. मावशी त्या दिवशी घरी आली ती जमिनीवर पाय न टेकवताच.

दुसऱ्या दिवशी मेहुणे भेटले. मेहुणे म्हणजे मालकांच्या बायकोचे भाऊ आणि दुकानाचे मॅनेजर. मालक त्यांना मेहुणे म्हणतात म्हणून नोकर म्हणायला लागले, नोकर म्हणतात म्हणून गिऱ्हाइकं, आणि असे ते अख्ख्या बाजाराचे मेहुणे झाले. रुबाबही तसाच, सगळ्यांकडून मानपान यायचा राहिल्यासारखा.

मावशीने तोंड उघडलं आणि आमचा हेल बाहेर पडला. हेल काही झाकता येत नाही. त्यात डोक्याला आमच्या लोकांत बांधतात तसा मागे गाठ मारलेला रुमाल.

"तुम्ही त्यांच्यातल्या का?" मेहुण्यांनी विचारलं.

"त्यांच्यातली म्हणजे?"

"म्हणजे... तुमच्यातल्या."

"हो, आमच्यातलीच आहे," मावशी म्हणाली. "दुसऱ्यांच्यातली कशी असेन?"

झालं. त्याच दिवशी तिची रवानगी माळ्यावर झाली. शिडी चढून जायचं, मान वाकवून बसायचं, डोक्यावर पत्रा आणि एक पिवळा बल्ब. दुकान उघडं असेपर्यंत खाली यायचं नाही. गिऱ्हाइकाच्या अंगाला हात लावायचा नाही. बोलायचं नाही. "लोकांना चालत नाही हो," मेहुणे म्हणाले. "तुमच्या लोकांचा हात लागलेला कपडा कोण घालेल?"

"शिवणार तर मीच आहे ना?"

"ते त्यांना कुठे माहीत आहे?"

काचेजवळच्या मशीनवर मेहुण्यांनी एक कुंडी ठेवली. मालकांनी मान खाली घातली. मालक माणूस वाईट नाही, फक्त मान फार लवकर खाली जाते.

मग काम कसं चालायचं, तर असं. खाली कटिंग मास्तर गिऱ्हाइकाचं माप घेणार आणि छताकडे तोंड करून ओरडणार. वर मावशी ते खडूने फळीवर लिहून घेणार. कापलेलं कापड दोरीला बांधलेल्या टोपलीतून वर जाणार, शिवलेला कपडा टोपलीतूनच खाली येणार. मास्तर छताला मापं का सांगतात, असं गिऱ्हाइकं विचारणारच. मेहुण्यांनी ठोकून दिलं, "वर मशीन आहे. परदेशी. नुसतं माप सांगायचं, शिवून खाली देते."

आणि लोकांचा विश्वास बसला हो! लोक मशीन बघायला येऊ लागले. छताकडे बघत कंबर सांगू लागले. एकदा कापडाच्या धुळीने मावशीला सटासट शिंका आल्या. खाली सगळ्यांच्या माना वर. "तेल कमी पडलंय," मेहुणे म्हणाले. एका बाईने शिवणीचं कौतुक केलं तेव्हा वरून "थँक्यू" आलं. मेहुणे म्हणाले, "त्या देशात मशीनलासुद्धा शिस्त असते."

संध्याकाळी मावशी हे सगळं नकला करून सांगायची आणि आम्ही गडाबडा लोळायचो. माझी आई मात्र पदर तोंडाला लावून हसता हसता डोळे पुसायची. एकदा मशीनच्या शिंकेचा किस्सा सांगता सांगता मावशी मध्येच थांबली.

"मला काचेजवळ बसायचंय गं," ती म्हणाली. "हसू येतं ते खरं. पण उन्हाळ्यात पत्रा तापतो, डोळ्यांना उजेड पुरत नाही. आणि खालून तो मेहुणा रोज तुमचे लोक असे, तुमचे लोक तसे. सगळं ऐकू येतं मला. मशीन कशी उत्तर देणार?"

"सोड ती नोकरी," आई म्हणाली.

"सोडून कुठे जाऊ? ताई, प्रत्येक दुकानाला माळा असतो."

मला इतका राग आला की मी उठून भांडी आदळली. आमच्या घरात राग भांड्यांवरच निघतो.

मावशीने मालकांना परत विचारलं. मालक म्हणाले, "मेहुण्यांना विचारून सांगतो." विचारलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी कुंडीशेजारी आणखी एक कुंडी आली.

अशात व्यापारी मंडळाने मेहुण्यांचा सत्कार ठरवला. आधुनिक मशीन आणून बाजाराचं नाव मोठं केल्याबद्दल! मेहुण्यांनी स्वतःसाठी सूट शिवायला टाकला. मास्तरांनी टेप लावली तसा मेहुण्यांनी श्वास आत ओढून पोट असं गायब केलं की मास्तर क्षणभर शोधतच राहिले. त्यांना सगळं दिसत होतं, पण नोकरी त्यांनाही प्यारी. टेपवर आलं तेच माप त्यांनी छताला सांगितलं.

वरून प्रश्न आला, "मास्तर, श्वास धरलाय का त्यांनी?"

"मशीनने प्रश्न विचारायचे नाहीत!" मेहुणे कसेबसे बोलले. कसेबसे, कारण श्वास अजून धरलेला होता.

कोट पुरा शिवण्याआधी कच्ची ट्रायल घेतात. शिवणारा अंगावर टाचण्या लावून कुठे सैल, कुठे घट्ट ते बघतो. मास्तरांनी ट्रायल सुचवली. "म्हणजे ती खाली येणार आणि मला हात लावणार?" मेहुणे म्हणाले. "काही गरज नाही." मावशीने खालून आलेल्या मापानेच सूट शिवला. फक्त आतून शिवणीत भरपूर माया, म्हणजे जादा कापड, सोडून ठेवली, कारण फळ्यांच्या फटीतून तिला रोज मेहुण्यांचं टक्कल आणि त्याच्या पुढे आलेलं पोट दिसत होतं.

सत्काराच्या दिवशी मावशी चष्मा घरी विसरली. तो द्यायला मी दुकानात गेले, म्हणून पुढचं सगळं माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. बाहेर मंडळाची गाडी उभी. मेहुणे नवा सूट घालून ताठ उभे. दुसरं काही शक्यच नव्हतं. तेवढ्यात त्यांच्या बुटाची नाडी सुटली.

मास्तर म्हणाले, "मी बांधतो." मेहुणे म्हणाले, "मी काय म्हातारा झालो?" आणि वाकले.

तो आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. कोट पाठीवर वरपासून खालपर्यंत फाटला. मेहुण्यांनी घाईने काढायला घेतला, तर एक हात बाहीत अडकला, दुसरा कोपरापाशी, पोटावरचं बटण सुटेना आणि कोट ना अंगावर ना बाहेर.

मी छताकडे पाहिलं आणि मला कळलं, आता काही खरं नाही. आधी नाकातून आलं. मग फळ्या हलायला लागल्या, म्हणजे खांदे. आणि मग अख्खा माळा हसला. फटींमधून धूळ पडायला लागली.

"मेहुणे," गिऱ्हाइकांतल्या एक निवृत्त हेडमास्तरीणबाई म्हणाल्या, "तुमची मशीन हसतेय."

"टोपली!" मेहुणे ओरडले. "टोपलीतून वर पाठवा!"

कोट गेला असता. पण कोटात मेहुणे होते, आणि मेहुणे काही टोपलीत मावले नसते. बाहेर गाडीने हॉर्न दिला. मास्तरांनी गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली. "मी कापणारा माणूस आहे," ते म्हणाले. "शिवणारी वर आहे. बोलवा, नाहीतर असेच जा."

"या," मेहुणे हळूच म्हणाले.

शिडीच्या वरच्या पायरीवर मावशी दिसली. रुमाल, खडू लागलेले हात, डोळ्यांत हसून हसून पाणी. "दुकान उघडं आहे," ती म्हणाली. "येऊ?"

"या हो!"

"गिऱ्हाइकांना चालेल?" हे मात्र तिने मेहुण्यांना नाही, सरळ गिऱ्हाइकांना विचारलं. आता ती हसत नव्हती.

एका गृहस्थांनी आपली पिशवी उचलली आणि ते निघून गेले. मावशीने त्यांना दाराबाहेर जाईपर्यंत पाहिलं. बाकीचे एकमेकांकडे बघत राहिले. हेडमास्तरीणबाई चिडल्या. "आम्हाला याआधी विचारलं कुणी? मी आपली छताला 'थँक्यू' म्हणत होते!"

मावशी खाली उतरली. मी काचेजवळच्या मशीनवरच्या कुंड्या उचलल्या. दोन्ही जड होत्या, पण त्या वेळी मला दुकानही उचलता आलं असतं. चष्मा लावून मावशीने मेहुण्यांच्या पाठीवर हात ठेवला. मेहुण्यांनी डोळे मिटून घेतले.

"श्वास सोडा," मावशी म्हणाली.

थोडा सोडला.

"अजून. लाजू नका, सगळ्यांना माहीत आहे."

मेहुण्यांनी श्वास सोडला आणि पोट आलं. येतच राहिलं. मावशीने अंगावरच शिवण उसवून कोट सोडवला, आतली माया मोकळी केली आणि काचेजवळच्या मशीनवर, भर उजेडात, हा हा म्हणता कोट जोडून दिला. मेहुणे सत्काराला गेले. आभारबिभार काही नाही. पण जाताना पहिल्यांदाच मोकळा श्वास घेत होते.

इतका वेळ गल्ल्यामागे उभे असलेले मालक खाकरले. "मेहुणे आले की काय ते ठरवू," ते म्हणाले. "तोवर आपलं..." आणि त्यांनी शिडीकडे पाहिलं. मान खाली जायला लागली.

मावशीने मशीनची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

हेडमास्तरीणबाई पुढे आल्या. आपल्या कापडाची घडी त्यांनी मावशीसमोर मशीनवर ठेवली. "मला ब्लाउज शिवायचाय," त्या मालकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आणि माझं माप यापुढे गावभर ओरडून सांगायचं नाही. ज्या शिवणार, त्याच घेतील." मास्तरांनी मुकाट्याने टेप उचलून मावशीच्या हातात दिली. मालक शिडीकडे गेले. आता तिला वर पाठवणार, असं वाटून मी पुढे झाले, तर त्यांनी शिडी काढली आणि भिंतीला आडवी लावून ठेवली.

बाईंनी हात वर केले. एवढे दिवस फक्त मापं ऐकलेल्या मावशीचे हात गिऱ्हाइकाच्या अंगापाशी येऊन थांबले.

"घ्या ना," बाई म्हणाल्या. "मी श्वास सोडलाय."